सिलिकॉन की रबर : बिनकंपनीच्या गाडीला कूलंटचे होज बसवताना

घरी गाडी बांधायचं वेड लागलेली माणसं आपल्या बेळगाव भागात अगदीच नाहीत असं नाही, उद्यमबागेत कुणाच्या शेडमागं ताडपत्रीखाली काय झाकून ठेवलेलं असतं ते ज्याचं त्याला माहीत. त्यातला कुणी इंजिन आणि रेडिएटर जागेवर बसवून मधल्या पाइपांपाशी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी (कूलंट) नेणाऱ्या लवचीक होजपाशी, येऊन अडकला असेल तर त्याच्यासाठी हे लिहायलेय. मी तिथं गणपतीच्या आधी अडकले ते थंडी सरत आली तेव्हा सुटले. नेटवर यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं, खरं ते सगळं तिकडच्या हवेतलं आणि तिकडच्या दुकानांतलं, आणि त्यातल्या निम्म्यांचं म्हणणं एवढंच की निळा सिलिकॉन बोनेटखाली भारी दिसतो. दिसतो, नाही कशाला म्हणू.

आमची गाडी म्हणजे लोटस सेव्हनच्या घाटाची, दोन सीटची, उघडी. १९५७ ला कॉलिन चॅपमननं ती काढली तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांच्या संचावर लागत नव्हता, म्हणून लोकं पेटी घरी आणून स्वतः जोडायची. आमच्याकडं पेटी वगैरे काय नाही. २५ मिलिमीटरच्या चौकोनी ट्यूबची फ्रेम मी आणि बारक्यानं (धाकटा भाऊ) मिळून वेल्ड करून घेतली आणि इंजिन जिप्सीचं, १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हवालं. जिप्सीचं घ्यायचं कारण एकदम सोपं आहे, ते मुळातच गाडीच्या लांबीत बसलेलं असतं आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, ती काढून टाकली की गिअरबॉक्समधनं थेट मागच्या चाकांना शाफ्ट नेता येतो. इंजिन कोल्हापुरातनं स्क्रॅपमधनं आणलं. आणताना एक सांगते, बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि मूळ गाडीची आरसी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. राज्याची हद्द ओलांडायची म्हटल्यावर कोगनोळीला कुणी पिकअप थांबवली तर हेच दोन कागद लागतात. माल पन्नास हजारांच्या आतला असेल तर ई-वे बिल लागत नाही, आमचं इंजिन त्याच्या खालीच होतं.

होजकडं जायच्या आधी कागदांचं सांगूनच टाकते, कारण कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न तोच असतो, पासिंग होणार का. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी फाइल घेऊन आरटीओत गेले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "गाडी कुठली री?" म्हटलं घरी बांधलेली आहे. "होय, खरं कंपनी कुठली?" तिथंच संपलं म्हणा. साहेब चांगले होते, अर्धं कन्नड अर्धं मराठी करत शांतपणे समजावून सांगितलं. नवीन गाडी नोंदवायची तर फॉर्म २० आपला अर्ज, फॉर्म २१ विकणाऱ्याचं सर्टिफिकेट आणि फॉर्म २२ बनवणाऱ्या कंपनीचं, की ही गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे. आमची विकली कुणी नाही आणि बनवणारे आम्हीच, आणि आपण सही करून चालत नाही कारण फॉर्म २२ च्या मागं नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं मॉडेल तपासून मंजूर केलेलं असावं लागतं. मग मी विचारलं की जिप्सीची जुनी आरसी जिवंत ठेवून त्याच्यावरच बदल दाखवला तर? त्यालाही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल नोंदवता येत नाही. म्हणजे केए २२ ची पाटी आमच्या गाडीला लागायची नाही. ती खानापूरकडं आमच्या रानातल्या रस्त्यावर फिरते आणि कुठं न्यायची झाली तर पिकअपवर चढवून. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, येताना गोवावेसपर्यंत बारक्याशी एक शब्द बोलले नाही. खरं हे आधी माहीत करून घेतलेलं बरं, पैसे सगळे घातल्यावर कळण्यापेक्षा.

आता होज.

या घाटाच्या गाडीचं नाक एकदम खाली असतं, त्यामुळं रेडिएटर इंजिनच्या हेडपेक्षा खाली बसतो, आणि तो इंजिनपासून लांब जातो. म्हणजे जिप्सीचे मूळचे पाइप कुठंच पुरत नाहीत. शिवाय रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा, त्याची तोंडं दुसऱ्याच मापाची. व्हर्नियर लावून बघितलं तर आमच्या इंजिनच्या वरच्या तोंडाला ३२ आणि रेडिएटरच्या तोंडाला ३५ मिलिमीटर. माझं रोजचं कामच एका शॉपमध्ये क्वालिटीला आहे त्यामुळं व्हर्नियर हातात असतोच, तुमच्याकडं नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, टेपनं हे माप घेऊ नका. तीन मिलिमीटरचा फरक होज ताणून घालता येईल असं वाटतं, रबरावर एखादा मिलिमीटर खपतोही, सिलिकॉन मात्र आत विणलेल्या कापडामुळं ताणत नाही आणि ताणून घातला तरी नंतर तिथंच फाटतो.

मापं झाल्यावर जीआय तार घेतली आणि गाडीत जिथनं पाइप जायला पाहिजे तशीच वाकवली. स्टिअरिंगचा दांडा, फॅन, एक्झॉस्ट, सगळ्यापासून अंतर ठेवून. वरच्या पाइपाची एक तार, खालच्याची एक. त्यावर चिकटपट्टी लावून वर-खाली लिहून ठेवलं. या दोन तारा पुढं मी पिशवीत घालून गावभर हिंडवल्या, आणि अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग कुठला विचाराल तर या तारा.

कारण दुकानात पहिला प्रश्न तोच. "ताई, गाडी कुठली?" आपल्याकडं होज मापानं विकत नाहीत, गाडीच्या नावानं विकतात. अल्टोचा टॉप, ओम्नीचा बॉटम, सुमोचा बायपास. गाडीचं नाव नाही म्हटलं की दुकानदार आपल्याकडं असा बघतो की ही बया पत्ता चुकून आलीय. दोन ठिकाणी तर बोलणंच तिथं थांबलं. तिसऱ्या दुकानातले मामा जरा वयस्कर, त्यांच्या मागच्या भिंतीला खिळ्यांवर होज नुसते लोंबत होते, शेकडो. त्यांना तार दाखवली. चष्मा वर करून बघितलं नि म्हणाले, "असं व्हय. मग आत ये की, बघ तूच भिंतीला लावून." गणपतीच्या आधीचे दिवस, बाहेर धो धो पाऊस, गिऱ्हाईक नाही. मी तासभर एकेक होज काढून तारेशी धरून बघायले आणि मामा चहा पीत सांगायले, हा ह्याचा, हा त्याचा.

इथं एक युक्ती कळली ती लिहून ठेवा. तयार साच्यातला रबरी होज आपल्या तारेशी पूर्ण जुळायची गरजच नाही. लांब, तीनचार वळणांचा होज घ्यायचा आणि त्यातलं आपल्या कामाचं वळण कापून घ्यायचं. काही होजचं एक तोंड बारीक आणि एक मोठं असतं, तेही याच भिंतीवर सापडतं. खालच्या पाइपासाठी मला एका डिझेल पिकअपचा होज मिळाला, मधलं वळण तारेवर असं बसलं की मामांनीच टाळी वाजवली. २८० रुपये. तेवढा नुसता घेऊन ठेवला, बाकीचं ठरायचं होतं.

मामांनी आणखी एक शिकवलं. एकाच मापाचे दोन होज हातात दिले, एक ९० रुपयांचा, एक २६० चा. दाबून बघ म्हणाले. स्वस्तातला नुसता रबर, आत सुताची वीण जवळजवळ नाहीच, कापलेल्या तोंडाकडं बघितलं की धागे दिसत नाहीत. चांगल्यात रबराच्या दोन थरांमध्ये विणलेली जाळी स्पष्ट दिसते, आणि अंगावर ईपीडीएम, एसएई जे २० (कूलंट होजचं मानक) असलं काहीतरी आणि बनवल्याची तारीख छापलेली असते. तारीख बघाच. चार वर्षं भिंतीवर लोंबलेला होज नवीन म्हणून घेऊ नका.

ईपीडीएम म्हणजे आजकाल जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या गाडीत कूलंटसाठी जो रबर असतो तो. साधारण १२५ अंशांपर्यंत तो निवांत काम करतो. सिलिकॉनची मजल १७५-१८० पर्यंत. हे आकडे वाचले की वाटतं सिलिकॉनच घ्यावा. खरं आपल्या कूलंटचं तापमान जातं किती? थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडतो ८२-८८ च्या आसपास, फॅन लागतो नव्वदीच्या वर कुठंतरी, आणि रेडिएटरचं झाकण ०.९ बार दाब धरणारं असलं तर बेळगावच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, नुसतं पाणी सुद्धा ११७ च्या आसपास उकळायला लागतं. त्याच्या पुढं गेलात तर झाकण उघडून पाणी बाहेरच येणार, मग होज कशाचाही असू दे. म्हणजे आतल्या पाण्यासाठी रबर पुरतो. प्रश्न बाहेरच्या उष्णतेचा आहे, एक्झॉस्टच्या शेजारच्या. आमचा वरचा पाइप एका ठिकाणी एक्झॉस्टच्या पाइपापासून जेमतेम चार बोटं जातो.

रबर आतून कसा मरतो हेही वाचून ठेवलं होतं. कूलंट, धातूचं तोंड आणि रबरातला कार्बन यांच्यात बॅटरीसारखी बारीकशी क्रिया होते आणि आतल्या बाजूला टोकाजवळ उभ्या चिरा पडतात, बाहेरनं होज नवा दिसतो. म्हणून जुना होज तपासताना मधे दाबायचा आणि मग क्लिपच्या जवळ बोटांनी चिमटीत दाबायचा, तिथं मऊ आणि आत खाच लागली तर काढून टाका. सिलिकॉनला हा रोग नाही. मग सिलिकॉनचे दोष काय तर, एक म्हणजे त्याच्यातनं पाण्याची वाफ थोडी थोडी झिरपते, गळत कुठंच नाही आणि टाकीतलं पाणी मात्र महिन्यांनी जरा खाली गेलेलं दिसतं. दुसरं, धारेला एकदम नाजूक, पाइपाच्या तोंडाची बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढली नाही तर बारीक काप जातो आणि तो काप पुढं पुढं पळतो. तेल दोघांनाही चालत नाही. उंदरांना दोन्ही चालतं.

सिलिकॉनसाठी पहिल्यांदा ऑटोनगरला गेले. कुणी सांगितलं नव्हतं, खरं ट्रकच्या इंटरकूलरला निळे-लाल सिलिकॉनचे होज असतात हे येता जाता बघितलेलं. असतातच, आणि दुकानात ढिगानं असतात, फक्त ते मोठ्या व्यासाचे आणि हवेसाठीचे. ३२-३५ चं तिथं काही नाही. मात्र तिथल्या एका पोरानं खरा सिलिकॉन ओळखायची खूण फुकटात दिली. कापलेला बारीक तुकडा चिमट्यात धरून लायटर लावायचा. रबर काळा धूर काढत जळतो, सिलिकॉन जळाला की मागं पांढरी भुकटी राहते. नुसता रंगीत रबर सिलिकॉन म्हणून विकतात तिथं ही खूण उपयोगी, दुकानदाराला विचारून करा म्हणजे झालं.

गणपती झाल्यावर कोल्हापूर आणि पुण्याच्या दुकानांना फोन केले. सप्टेंबर २०२५ च्या मध्याला कोटेशन आली. ३२ ते ३५ चा सरळ रिड्यूसर ५५०, ३५ चा ९० अंशाचा एल्बो ८५०, ४५ अंशाचा ७८०, एक मीटर सरळ होज १७००, वर टॅक्स आणि पार्सल. दोन्ही पाइप पूर्ण सिलिकॉनचे करायचे तर क्लिपा सोडून सात हजारांच्या वर चाललेलं. रेडिएटरचं झाकण, फॅन, वरची टाकी असं बाकी सामानही त्याच यादीत होतं. पुण्याचा माणूस स्वतःच म्हणाला, मॅडम थोडं थांबा, २२ सप्टेंबरपासून गाड्यांच्या पार्ट्सवर १८ टक्के होतंय, आत्ता बऱ्याच मालाला २८ लागेल. थांबले. यादीतल्या फॅन-टाकीवर त्यानं बरे पैसे वाचले. महाराष्ट्रातनं घेतलं की बिलावर आयजीएसटी येतो, बेळगावात घेतलं की सीजीएसटी-एसजीएसटी असा दोन भागांत, टक्के तेवढेच. भाव विचारताना मात्र टॅक्स धरून की सोडून हे दरवेळी विचारा.

या थांबण्याच्या दिवसांत उस्तादांच्या शेडमध्ये पाइपांचं काम केलं. उस्ताद म्हणजे आमच्या फ्रेमचे वेल्डर, चाळीस वर्षं याच कामात. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "बेटी, जेवढा होज कमी तेवढी कटकट कमी. मधे लोखंड घाल." बरोबर आहे ते. लांब सगळा होज नेण्याऐवजी मधला सरळ भाग धातूच्या पाइपाचा करायचा आणि फक्त दोन टोकांना होजचे छोटे तुकडे, इंजिन हलतं तेवढी हालचाल खपवायला. आम्ही स्टेनलेसचा पातळ पाइप घेतला, दोन्ही पाइपांना मिळून ११०० रुपये. धातूच्या पाइपाच्या तोंडाला मात्र बाहेरून गोल उंचवटा, म्हणजे बीड, पाहिजेच, नाहीतर क्लिप कितीही आवळा, दाब आला की होज सरकून निघतो. बीड काढायचं यंत्र उस्तादांकडं नाही, त्यांनी वेल्डिंगचा एक बारीक टाका गोल फिरवला आणि मी तो फाइलनं आणि पॉलिश पेपरनं गुळगुळीत करत बसले. कंटाळवाणं काम. सिलिकॉन येणार असेल तर यात घाई करायची नाही, नख फिरवून कुठं अडकत नाही तोवर घासायचं.

खालच्या पाइपाचा निकाल इथंच लागला. खालचा पाइप वॉटर पंप पाणी ओढतो त्या बाजूला असतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की पंप पाणी ओढतो आणि मऊ होज तिथं चपटा होऊ शकतो, म्हणून जुन्या काही गाड्यांत खालच्या होजच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली सापडते. लांब सिलिकॉन तिथं घालायचा तर आत तार असलेला घ्यावा लागतो, तो आणखी महाग, आणि त्या जागेला एक्झॉस्टचा काही त्रासही नाही. मामांच्या भिंतीवरचा २८० चा होज आणि दुसऱ्या टोकाला त्याचाच उरलेला तुकडा, संपलं. बारका थोडा हिरमुसला, त्याला दोन्ही निळे पाहिजे होते. त्याला म्हटलं खालचा कुणाला दिसणार नाही. तर म्हणतो मला दिसायलाय की.

वरच्यासाठी रेडिएटरच्या बाजूला ३५ चा एल्बो आणि इंजिनच्या बाजूला, एक्झॉस्टजवळ, रिड्यूसर आणि ४५ चा, असे सिलिकॉनचे तीन तुकडे ठरले. एक्झॉस्टजवळ सिलिकॉन का तर उष्णतेसाठी, आणि दुसरं खरं कारण म्हणजे ३२ ते ३५ चा असा आखूड रिड्यूसर मला रबरात कुठंच मिळाला नाही. नेटवर सिलिकॉनच्या बाजूनं जे काय बोलतात त्यातलं मला हेच सगळ्यात पटलं, वळण आणि माप सुटं सुटं मागवता येतं. हीटर आमच्या गाडीत नाही, त्याची दोन तोंडं बंद न करता साध्या १६ मिलिमीटरच्या रबरी हीटर होजनं एकमेकांना जोडली, १२० रुपये मीटर.

ऑर्डर दिली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि मधे दिवाळी आली. पार्सल दिवाळीनंतर येतं म्हणाले ते आलंच नाही. मग १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस, त्या दिवशी आपल्याकडं बाजाराचं कसं असतं माहीतच आहे, बाहेर पडायचा विचारच केला नाही. शेवटी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवरनं फोन आला. आधार कार्ड आणि एलआरचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो दाखवून सामान घेतलं, १८० रुपये भाडं वेगळं. घरी आल्या आल्या व्हर्नियर लावला, मापं बरोबर, भिंत साधारण पाच मिलिमीटर, कापडाचे चार थर मोजता आले. आईनं ते निळे एल्बो बघून विचारलं, हे नळाचं काय आणलंस ग एवढ्या पैशाचं.

क्लिपा. याबद्दल लोकं कमी लिहितात आणि गळती निम्म्या वेळा इथंच असते. आपल्याकडं मिळणाऱ्या साध्या स्क्रूवाल्या क्लिपेच्या पट्टीला आरपार खाचा असतात. रबरावर ती चालते. सिलिकॉन मऊ असल्यामुळं आवळताना त्या खाचांतनं वर येतो आणि कापला जातो. सिलिकॉनसाठी आतनं गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप घ्या, किंवा खाली स्प्रिंग असलेली, जी गरम-थंड होताना आपोआप ताण धरून ठेवते. मला ती ९० रुपयांना एक अशी पुण्याहूनच मिळाली. रबरी होजवर मात्र मी कंपनीच्या गाड्यांत येते ती चपट्या तारेची स्प्रिंग क्लिप वापरली, स्क्रॅपमधनं चांगल्या निवडून. थंडीत सकाळी गाडी गार असताना दोन थेंब आणि गरम झाली की बंद, असली जी गळती असते ती बहुतेक सैल पडलेल्या क्लिपेची असते. टी-बोल्टच्या जाड क्लिपा लोकं शोभेला लावतात, एवढ्या छोट्या व्यासावर त्या नीट गोल बसत नाहीत असं माझं मत.

बसवताना उस्ताद ग्रीस घेऊन आले. चाळीस वर्षांची सवय. त्यांना म्हटलं उस्ताद, तेल-ग्रीस नको, फुगतो हा. पटेना त्यांना. मग शेडमधल्या एका बाटलीत इंजिन ऑइल घालून त्यात दोन्हींचा एकेक तुकडा बुडवून ठेवला आणि आठवड्यानं काढून दोघांनी बघितला. रबराचा तुकडा चांगलाच सुजलेला, सिलिकॉनही थोडा जाड आणि लिबलिबीत. उस्ताद काही बोलले नाहीत, खरं त्यानंतर कूलंटच बोटानं लावून होज चढवले. ओले असले की आरामात चढतात. क्लिप बीडच्या मागं बसली पाहिजे, बीडवर नाही आणि होजच्या अगदी टोकालाही नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी न भरता आधी हवेनं तपासलं. जुन्या झाकणाला टायरचा व्हॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपानं एक बारपर्यंत दाब भरला आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एका जोडाला फुगे आले, आवळल्यावर गेले. दहा मिनिटं काटा हलला नाही. हे करायला जेमतेम शंभर रुपये लागतात आणि कूलंट जमिनीवर सांडत नाही, जरूर करा. त्याहून जास्त हवा भरू नका, रेडिएटर फाटेल.

मग कूलंट. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी. राकसकोपचं (बेळगावच्या नळाचं) पाणी प्यायला गोड असलं तरी रेडिएटरला नको, बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी वीस-पंचवीस रुपये लिटर मिळतं. रेडिएटर हेडपेक्षा खाली असल्यामुळं हवा वर अडकून बसते, तिला बाहेर काढायला सगळ्यात उंच जागी छोटी टाकी पाहिजे आणि झाकण त्या टाकीवर, रेडिएटरवर नाही. भरताना गाडीचं नाक चिऱ्यांवर चढवलं, टाकी आणखी वर आली, होज हातानं दाबत दाबत भरलं. बुडबुडे येत राहिले ते चांगलाच वेळ. दाबता येणारा मऊ होज इथं फायद्याचा, सिलिकॉन आणि रबर दोन्ही पंपासारखे वापरले.

पहिल्यांदा चालू केली त्या संध्याकाळी घरातले सगळे रानात आलेले. काटा ९० पर्यंत चढला, माझा श्वास अडकलेला, फॅन लागला, काटा खाली आला, परत चढला, परत फॅन. वरचा पाइप गरम आणि रेडिएटरच्या दुसऱ्या बाजूचा कोमट, म्हणजे पाणी फिरायलंय. गाडी पूर्ण गार झाल्यावर सगळ्या क्लिपा एकदा परत आवळून घ्या, पहिल्या उष्णतेनंतर प्रत्येक जोड थोडा बसतो. आमच्या सिलिकॉनच्या तिन्ही तुकड्यांच्या जोडांना अर्धा-अर्धा आटा लागला, रबराच्या स्प्रिंग क्लिपांना बघावं लागलं नाही.

एक्झॉस्टजवळचा तुकडा सिलिकॉन असला तरी त्याच्यावर चकचकीत ॲल्युमिनियम लावलेली काचतंतूची बाही चढवली, ३५० रुपये. ती चढवल्यावर निळा रंग झाकला गेला आणि बारक्याचं तोंड परत उतरलं. जानेवारीत जांबोटीकडच्या चढासारखा आमच्या रानातला चढ, तो पहिल्या गिअरमध्ये वर-खाली करून बघितला. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन लागायला लागल्यावर दुपारी दोन वाजता परत तेच. काटा तिथंच. टाकीवर मार्करनं रेघ मारून ठेवलीय, पाणी रेघेपासून करंगळीएवढं खाली गेलंय, जोड सगळे कोरडे.

होज, धातूचे पाइप, क्लिपा, बाही, पार्सल सगळं धरून पाच हजारांच्या आसपास बसलं. रबरी होजवर पांढऱ्या रंगानं बसवल्याचा महिना लिहिलाय, चार वर्षांनी काही झालं नाही तरी बदलणार. मामांकडनं आणखी एक तसाच घेऊन डिकीत टाकलाय, म्हणजे डिकी कुठली, सीटमागची पेटी. चुकून ३८ चा एक सिलिकॉन एल्बो पार्सलमध्ये जास्तीचा आला, दुकानदाराला फोन केला तर परत पाठवायचं भाडंच जास्त होईल, ठेवा म्हणाला. बेळगाव-खानापूर-निपाणीकडं कुणाच्या मापाला बसत असेल तर घेऊन जा, येताना तार तेवढी वाकवून आणा.